खरेदीला नारळ, दुरुस्तीला शेरा

नगरपालिकेची गाडी फक्त एकच दिवस नवी असते. त्या दिवशी तिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं, आरशांना झेंडूच्या माळा असतात, चाकांखाली लिंबं असतात आणि समोर सगळं सत्ताधारी मंडळ उभं असतं. फोटोत यायला हरकत नाही एवढ्यापुरतं विरोधी मंडळही येतं. नगराध्यक्ष चालकाच्या जागेवर चढून बसतात, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरतात, फोटोग्राफर "साहेब, जरा इकडं" म्हणतो, कुणीतरी झेंडा हलवतं आणि गाडी फाटकापर्यंत जाऊन परत येते. त्याहून पुढे जात नाही, कारण शोरूमवाल्याने तिच्यात तेवढंच डिझेल घातलेलं असतं. पुढच्या डिझेलसाठी मागणीपत्र लागतं आणि मागणीपत्रासाठी गाडी आधी नोंदवहीत चढावी लागते. तिथून पुढे ती जुनीच.

माझी नोकरी या 'तिथून पुढे'मध्ये गेली. आमच्या नगरपालिकेचा वाहन विभाग म्हणजे जुन्या कोंडवाड्याची जागा. मोकाट जनावरं कोंडायची पद्धत मागे पडली, तसे तिथे पत्रे टाकले आणि गाड्या कोंडायला सुरुवात झाली. एका कोपऱ्यात टेबल, दोन कपाटं आणि भिंतीवर किल्ल्यांसाठी खिळे मारलेली फळी. प्रत्येक खिळ्याखाली गाडीचं नाव रंगवलेलं. त्यातल्या काही गाड्या कधीच भंगारात गेल्या. खिळे मात्र सेवेत आहेत, त्यांना पावसाळ्यात छत्र्या अडकवतात. नगरसेवकाला गाव मतदारयादीतून दिसतं, मास्तरांना हजेरीपटातून. मला ते लॉगबुकातून दिसलं. लॉगबुकातलं गाव निराळंच. तिथे रोज कुठलं तरी गटार तुंबतं, दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी जातं, आणि खासगी कामाला कधीही कुणीही बाहेर पडत नाही.

लॉगबुकात 'प्रवासाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. इतकं संयमी मराठी गद्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बहुतेक वेळा तिथे 'कार्यालयीन काम' एवढंच असतं. कुणी फारच प्रामाणिक असेल तर 'बैठक'. एकदा मात्र 'स्वच्छतेची पाहणी, महाबळेश्वर' अशी नोंद माझ्यासमोर आली. महिना मे. आता थंड हवेच्या ठिकाणची स्वच्छता मे महिन्यातच तपासावी लागत असेल, गर्दीशिवाय कचरा दिसणार कसा, असं म्हणून मी सही केली. आमच्या एका टँकरचं मीटर कित्येक महिने बंद होतं. त्याचा चालक रोज बेचाळीस किलोमीटर लिहायचा. सोमवारी बेचाळीस, रविवारी बेचाळीस, ज्या दिवशी गाव बंद होतं त्या दिवशीही बेचाळीस. मी विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, गाव काय रोज लांब होतंय का?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पुढे यावर उपाय म्हणून गाड्यांना जीपीएस बसवलं. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात भिंतीवर मोठा पडदा आला आणि त्यावर हिरवे-तांबडे ठिपके फिरू लागले. पहिले काही दिवस साहेब अभ्यागतांना तो पडदा कौतुकाने दाखवत. मग एक दिवस एक घंटागाडी तलावाच्या मधोमध उभी दिसली. चांगली दोन तास. चालकाला कारणे दाखवा नोटीस गेली आणि त्याचा लेखी खुलासा आला: 'सदर वाहन तलावात गेले नव्हते, तरी माफी असावी.' न केलेल्या गोष्टीची माफी आधीच मागून ठेवायची, हे आमच्याकडे नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकतात.

पण गाड्यांविषयी बोलायचं तर घंटागाडीपासूनच सुरुवात करायला हवी. दारोदार फिरणारी घंटागाडी राज्यात रुजवण्याचं श्रेय नाशिकला दिलं जातं. त्याआधी कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या असत आणि कुंडीपर्यंत न पोचलेला कचरा तिच्याभोवती असे. मुंबईचा तर थाटच वेगळा होता. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली घातला गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्यावरून प्रवास करायला मिळाला १९२४ पासून. हार्बर मार्गावर लटकणाऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. त्या मार्गाचं ज्येष्ठत्व कचऱ्याकडे आहे, एवढंच.

आमच्या गावात घंटागाडी म्हणजे आधी ट्रॅक्टर-ट्रॉली होती आणि मग २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, हळूहळू सगळ्या गल्ल्यांचा धनी झाला. गाडी गुणी आहे. पण ती ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर मंडईतून निघालेला, माल भरून मोकळ्या रस्त्याला लागलेला चालक असावा. आमच्या गाडीला मोकळा रस्ता ठाऊकच नाही. दहा पावलं चालायची, थांबायची. कुणाची बादली आत राहिलेली असते, कुणाचे आजोबा "अरे थांब रे" म्हणत जिन्यावरून उतरत असतात. पुन्हा पहिला गिअर, पुन्हा दहा पावलं. दिवसभरात गाडी धावते किती, तर फार थोडी; पण पाय क्लचवरून निघत नाही. क्लचप्लेट जळते, ब्रेक झिजतात, गाडी फार न धावताच म्हातारी होते. वरून ओल्या कचऱ्याचं आंबट पाणी हौद्यात साचतं आणि तळाचा पत्रा खातं. कारखान्याने कितीही चांगला रंग दिला, तरी उसळीचं पाणी, लिंबाच्या साली आणि काल रात्रीचं ताक यांच्या मिश्रणापुढे तो टिकत नाही. कचरा डेपोवर गेलं की काचा आणि खिळे टायरात घुसतात, आणि तिथली धूळ एअर फिल्टर गच्च करते. हे सगळं चालकाला ठाऊक असतं, मिस्त्रीला ठाऊक असतं. ज्या तक्त्यात 'इतक्या किलोमीटरनंतर सर्व्हिसिंग' असं छापलेलं असतं, त्या तक्त्याला तेवढं ठाऊक नसतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला सांगितल्यापासून गाडीच्या हौद्यात मधे पत्र्याची भिंत आली. गावाने ती भिंत मोठ्या मनाने स्वीकारली आणि दोन्ही बाजूंना सारखाच कचरा टाकायला सुरुवात केली. घंटेची जागाही आता कर्ण्याने घेतली आहे. सकाळी सातला गाणं सुरू होतं ते तिसऱ्या गल्लीत आहे की आपल्या, हे ओळखण्यात गृहिणींचा कान इतका तयार झाला आहे, की त्यांच्यापुढे आमचं जीपीएस फिकं पडावं. तलावात गाडी उभी आहे, असं त्यांच्यापैकी एकीलाही कधी वाटलं नसतं.

आता बंब. गावातल्या पोरांनी मोठेपणी काय व्हायचं ते ठरवलेलं असतं, त्या यादीत बंबाचा चालक अजून आहे, मुख्याधिकारी नाही. बंबाचं दुखणं असं, की तो उभा राहून काम करतो. आगीच्या जागी पोचला की चालक पीटीओ टाकतो. म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडून काढून पाण्याच्या पंपाकडे देतो. मग गाडी तासन् तास एका जागी गुरगुरत उभी असते, डिझेल पीत असते आणि मीटरचा काटा तिळभर हलत नाही. हे एकदा समजलं की सोपं आहे. लेखापरीक्षकांना ते दरवर्षी नव्याने समजावावं लागतं. लाकडाच्या वखारीला आग लागली त्या वर्षी आक्षेप आला: 'वाहन जागेवर उभे असताना टाकीभर इंधन खर्ची पडल्याचे दिसते. खुलासा व्हावा.' आमच्या अग्निशमन विभागाच्या प्रमुखांनी स्वतःच्या अक्षरात अनुपालन लिहिलं: 'आग एकाच ठिकाणी लागली असल्याने वाहन फिरवता आले नाही.' मी ते वाक्य बदलून पाठवावं, असं लेखापालांचं मत होतं. मी बदललं नाही. इतका नेमका खुलासा मला सुचला नसता.

बंबाचं आणखी एक वेगळेपण आहे. त्याची टाकी कायम भरलेली ठेवावी लागते. आग लागल्यावर नळाला पाणी कधी येतं ते विचारत बसता येत नाही. साडेचार-पाच हजार लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो ओझं, तेही चोवीस तास, बाराही महिने, पाटे आणि टायर यांच्यावर. गाडी शेडमध्ये झोपलेली दिसते, पण टायर राबतच असतात. त्यांची नक्षी कोरी करकरीत राहते आणि बाजूला रबराला भेगा पडतात. 'नक्षी शिल्लक असताना टायर बदलण्याचे कारण काय?' हा त्यावरचा ठरलेला आक्षेप. जो टायर बंब आगीकडे धावत असताना फुटू शकतो तो कागदावर उत्तम असतो, आणि कागदाला रस्त्यावर जायचं नसतं.

बंब वर्षातून हमखास धुतला जातो तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्याच दिवशी आंबेडकर जयंती. त्यामुळे आदल्या दिवशी आमचा बंब चौकात जाऊन बाबासाहेबांचा पुतळा धुतो, रात्री स्वतः आंघोळ करतो आणि सकाळी संचलनाला उभा राहतो. वर्षभरात त्याच्या वाट्याला येणारं हे सगळ्यांत स्वच्छ काम. लॉगबुकात त्या दिवसाचं प्रयोजन खरंखुरं लिहिलेलं असतं.

वैकुंठरथाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याबद्दल तक्रारीच नसतात. प्रवासी तक्रार करत नाही आणि बरोबरची माणसं तक्रारीच्या मनःस्थितीत नसतात. त्याचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणत, गावातले सर्वांत सभ्य चालक होते. हॉर्न वाजवायचा नाही, कुणाला ओलांडायचं नाही, खड्डा चुकवायचा. "एवढे दिवस दणके खाल्ले माणसानं, आता तरी नको," असं ते म्हणत. अडचण एकच. गाडी रोज चालत नसल्यामुळे बॅटरी उतरायची. मग ऐन वेळी पांढऱ्या टोप्या आणि उपरणी मागून धक्का द्यायची. आमच्या गावात हयातभर एकमेकांशी न बोललेल्या भाऊबंदांनी खांद्याला खांदा लावून गाडी ढकलल्याचं मी पाहिलं आहे. नवी बॅटरी मंजूर झाली तेव्हा मामा म्हणाले, "बरं झालं. पण लोक आता एकत्र येणार नाहीत."

नगराध्यक्षांच्या गाडीचं आयुष्य याच्या अगदी उलट. तिला बॅटरी वेळेवर मिळते, सीटला टर्किश टॉवेल मिळतो आणि ऑइल बदलायच्या आठ दिवस आधी आठवण येते. १ मे २०१७ ला देशभर गाड्यांवरचे लाल-अंबर दिवे गेले, तेव्हा टपाला पडलेलं भोक बुजवायचं काम माझ्या टेबलावरून गेलं. छोटंसंच भोक होतं, पण ते बुजवण्याची फाईल मी इतक्या जड हातांनी फिरताना पाहिली की, कुठलीही मोठी दुरुस्ती त्यापेक्षा हलकी वाटावी. आचारसंहिता लागली की ही गाडी जमा होते. किल्ली फळीवरच्या खिळ्यावर येते आणि गाडी पत्र्याखाली उभी राहते. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले, की ती वर्षानुवर्षं तशीच राहते. अशा काळात इंधनाचा खर्च नजरेत भरेल इतका खाली येतो. गाडी मात्र उभ्या उभ्या खराब होते. उंदरांना वायरिंगचं आवरण आवडतं, हे ज्ञान मला या काळाने दिलं.

दुरुस्तीची फाईल हा खरा विषय आहे, आणि तो सांगताना मला थोडा वेळ लागेल. समजा, घंटागाडीची क्लच केबल तुटली. चालक अर्ज करतो. विभागप्रमुख शिफारस करतात. मिस्त्री अंदाजपत्रक देतो. मग तीन दरपत्रकं लागतात. तीन वेगवेगळ्या गॅरेजांची तीन दरपत्रकं, तीन लेटरहेडांवर, एकाच वळणदार अक्षरात. मग लेखाशीर्षाखाली तरतूद आहे का ते पाहायचं, मग मंजुरी, मग कार्यादेश, मग केबल. केबल बसवली की तुटलेली केबल भांडारात जमा करून पावती घ्यायची, कारण पावती नसेल तर केबल तुटलीच नव्हती असा अर्थ होतो. हे सगळे नियम वाईट नाहीत. प्रत्येक नियमामागे कधीतरी कुणीतरी खाल्लेली एक बॅटरी आहे. पण केबलची फाईल टेबलावरून टेबलावर जात असताना तिकडे पाच गल्ल्यांचा कचरा वाट पाहत असतो. मग काय होतं? चालक स्वतःच्या खिशातून केबल घेतो, किंवा मिस्त्री उधारीवर बसवून देतो. आमचा मिस्त्री म्हणायचा, "साहेब, गाडी न्या. पण पुढच्या वेळी गाडीच्या आधी मागचं बिल आणा." नगरपालिका चालते ती कायद्याने, असं कायद्यात लिहिलं आहे. माझ्या अनुभवात तिचा निम्मा भार त्या मिस्त्रीच्या उधारीच्या वहीवर होता.

जमा झालेल्या जुन्या सामानाचं पुढे काय होतं, हेही सांगायला हवं. काहीच होत नाही. फुकट देता येत नाही, विकता येत नाही, टाकता येत नाही, जोवर निर्लेखन समिती बसत नाही. समिती बसायची तर सगळे सदस्य एका दिवशी गावात असावे लागतात. तोवर आमच्या आवारात टायरांचा डोंगर झाला. पावसाचं पाणी टायरात साचलं आणि एका भाद्रपदात डेंग्यूच्या मोहिमेवर निघालेल्या आमच्याच आरोग्य विभागाला, गावातल्या सगळ्यात जास्त अळ्या आमच्याच आवारात सापडल्या. त्यांनी वाहन विभागाला नोटीस काढली. वाहन विभागाने उत्तर दिलं, की टायर हे लेखापरीक्षणाच्या अधीन आहेत. अळ्यांवर लेखापरीक्षणाचा काही अंकुश नव्हता, त्या वाढल्या.

एखादी गाडी मोठ्या दुरुस्तीसाठी उभी राहिली, की तिचं अवयवदान सुरू होतं. बॅटरी टँकरला जाते, स्टार्टर तुंबलेली गटारं मोकळी करणाऱ्या जेटिंग मशीनला, एक टायर इकडे, दुसरा तिकडे. कागदावर गाडी 'दुरुस्तीअभावी उभी' असते. प्रत्यक्षात ती चार गाड्यांत मिळून गावभर फिरत असते. आणि गंमत अशी, की तिच्याच शेजारी तशीच एक नवी कोरी गाडी येऊन उभी राहते. झेंडूच्या माळांसह.

हे असं का होतं, ते सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. गाडी घ्यायला अनुदान येतं. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानातून आलं, वित्त आयोगाच्या निधीतून आलं, कधी आमदारांच्या निधीतून आलं. क्लचप्लेट, ऑइल, टायर, बॅटरी यांच्यासाठी मात्र गावाची घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि ती किती वसूल होते हे मार्चमध्ये कळतं. अनुदान परत जाईल या भीतीने गाडी घेतली जाते. टायरचे पैसे परत जाण्याची भीती नसते, कारण ते आलेलेच नसतात. शिवाय टायर बदलण्याचं लोकार्पण होत नाही. चार नवे टायर मांडून, त्यांवर नारळ फोडून, त्यांच्यासह फोटो काढलेले नगराध्यक्ष मी पाहिलेले नाहीत. ज्या गोष्टीचा फोटो निघत नाही तिची तरतूद कमी होत जाते. माझ्या सगळ्या नोकरीत मला सापडलेला सिद्धान्त म्हणाल तर हा एवढाच.

नाही म्हणायला, खंडेनवमीला आमच्याकडे जुन्या गाड्यांचाही सन्मान व्हायचा. आदल्या दिवशी सगळ्या गाड्या धुवून निघत. चालक आपापल्या पैशांनी झेंडू आणत. सकाळी ओळीने बंब, टँकर, घंटागाड्या, जेटिंग मशीन, वैकुंठरथ, धूरफवारणीची रिक्षा, कुत्री पकडायची गाडी. ती फाटकातून आत शिरली, की आवारातली कुत्री बाहेर जात, सणाच्या दिवशीसुद्धा. पूजा सांगायला गुरुजी आणि प्रसादाला पेढे. एका वर्षी एका हिशेबी तरुण लिपिकाने विचारलं की चाकं नसलेल्या, विटांवर उभ्या केलेल्या त्या जुन्या गाडीलाही हार का? मामांनी हार घालत घालतच उत्तर दिलं, "तिचा स्टार्टर जेटिंगमध्ये आहे ना, मग?" माझ्या मते आमच्या गावात गाड्यांची व्यवस्था कळलेला हा एकच माणूस होता. ज्या गाड्या ठरावीक चालकांकडे वर्षानुवर्षं राहिल्या त्या टिकल्या. ज्या रोज नव्या हातात गेल्या त्या गेल्या. मामांची गाडी दुसरं कुणी चालवून आलं, की ते तिच्याभोवती एक फेरी मारत आणि बघता बघता कुठे लागलं ते सांगत. ठेकेदाराच्या चालकाला महिन्याच्या पगाराचीच खात्री नसते, तिथे गाडीच्या आवाजाकडे तो कशाला कान देईल? त्याला मी दोष देत नाही.

शेवटी गाडीचं वय. केंद्र सरकारने नियम केला, की १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढणार नाही. केंद्र, राज्य, महापालिका, नगरपालिका, पंचायती, परिवहन उपक्रम, सगळ्यांना लागू. अशा गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायच्या. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीच्या विशेष वाहनांना. हेतू चांगला आहे. जुन्या गाड्यांच्या धुराने मी स्वतः वीस पावलं मागे सरत असे. पण तारीख बंब आणि नगराध्यक्षांची जीप यांच्यात फरक करत नाही. आमचा बंब या नियमात गेला तेव्हा त्याच्या मीटरवर गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराच्या मोटरसायकलपेक्षा कमी किलोमीटर होते. उभा राहून त्याने किती तास पंप चालवला त्याचा हिशेब कुठेच नव्हता, कारण लॉगबुकात किलोमीटरचा रकाना असतो, तासांचा नसतो. त्यामुळे तो खरंच म्हातारा झाला होता की नव्हता, हे छातीठोकपणे सांगणारा कागद आमच्याकडे नव्हता. मिस्त्रीचं मत वेगळं होतं, पण मिस्त्रीला सहीचा अधिकार नव्हता.

मुंबईत बेस्टची शेवटची डिझेलवरची दुमजली लाल बस अशाच वयाच्या हिशेबाने १५ सप्टेंबर २०२३ ला थांबली. या बस १९३७ पासून शहरात होत्या. शेवटच्या फेरीला लोक फुगे आणि हार घेऊन आले, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. बेस्टच्या जुन्या आठवणी जपायला आणिक आगारात संग्रहालयही आहे. मला या गोष्टीचा आनंदच आहे. बसच्या वरच्या मजल्यावर माणूस खिडकीशी बसतो, शहर बघतो, जमलं तर प्रेमातही पडतो. मैला ओढणाऱ्या टँकरच्या वरच्या मजल्यावर कुणी बसत नाही. आमचा टँकर गेला त्या दिवशी त्याला निरोप द्यायला आलेले दोघे होते, एक चालक आणि एक मी. आणि मी पावतीवर सही करायला आलो होतो.

आता त्या कोंडवाड्यात विजेवरच्या घंटागाड्या येऊ लागल्या आहेत. त्यांना क्लच नाही, म्हणून क्लचप्लेट जळायची नाही, आणि गिअर टाकत दहा-दहा पावलं चालणाऱ्या कामाला त्या खरोखरच सोयीच्या आहेत. लोकार्पण दणक्यात झालं. चार्जिंगचं मीटर कुठल्या लेखाशीर्षाखाली घ्यायचं आणि बॅटरी थकल्यावर नवीचे पैसे कुठून आणायचे, हे मात्र मी निवृत्त होईपर्यंत ठरलं नव्हतं.

तुमच्या गावात अशा गाड्यांच्या लोकार्पणाचं निमंत्रण आलं, तर अवश्य जा. पेढा खा, टाळ्या वाजवा, फोटोतही उभे राहा. पण निघताना मुख्याधिकाऱ्यांना, किंवा ते गर्दीत सापडले नाहीत तर वाहन विभागातल्या लिपिकाला, एवढं विचारून या: या गाडीच्या दुसऱ्या टायरसंचाची तरतूद कुठल्या लेखाशीर्षात आहे? आणि घरपट्टी थकली असेल तर विचारायच्या आधी भरून टाका. टायर त्यातूनच येतो.